मात्रा आणि मोजमाप

'मात्रा' हा शब्द छंदःशास्त्रात उच्चारकालाचे माप दर्शवितो, तर वैद्यकात औषधाचे. घरी उगाळून द्यावयाच्या मात्रेचेही वळसे मोजलेले असत. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना शिरेवाटे प्रतिजैविके देताना या मोजण्यावर त्यांचा श्वास आणि श्रवण ही दोन्ही अवलंबून असतात.

हा विकार आनुवंशिक आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतील डोरोथी अँडरसन यांनी त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले. त्याला कारणीभूत होणारे जनुक १९८९ मध्ये सापडले. भारतात तो नाहीच, हा दीर्घकाळचा समज चुकीचा ठरला आहे. जनुकातील दोषामुळे पेशींतून क्षार व पाणी यांची ने-आण बिघडते, फुप्फुसांतील श्लेष्मा दाट होतो आणि त्यात स्यूडोमोनाससारखे जंतू ठाण मांडतात. संसर्ग उफाळला की टोब्रामायसिन व सेफ्टाझिडीम यांसारखी भिन्न प्रकारची दोन औषधे साधारणतः दोन आठवडे शिरेवाटे देतात.

पेच येथेच आहे. या रुग्णांचे शरीर अशी औषधे इतरांपेक्षा जलद बाहेर टाकते. म्हणून वजनाच्या मानाने मात्रा अधिक लागते. ती अपुरी पडल्यास जंतू तगून राहतात. परंतु टोब्रामायसिन मूत्रपिंडांत व अंतःकर्णात साचते. मूत्रपिंडे पुष्कळदा सावरतात. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या संवेदी पेशी मात्र पुन्हा निर्माण होत नाहीत. शिवाय हे उपचार वारंवार घ्यावे लागत असल्याने हानीचीही बेरीज होत जाते.

म्हणून सुरक्षितता म्हणजे सरसकट मात्रा घटविणे नव्हे, तर ती तपासत राहणे होय. पुढील मात्रेपूर्वी रक्तातील टोब्रामायसिनची पातळी पाहतात. ती पुरेशी उतरली नसेल तर मात्रा कमी करतात अथवा दोन मात्रांतील अंतर वाढवितात. क्रिएटिनिन व श्रवण यांचीही तपासणी करतात. मूत्रपिंडांवर भार टाकणारी आयबुप्रोफेनसारखी औषधे शक्यतो टाळतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत टोब्रामायसिन दिवसातून एकदा वा तीनदा दिल्याने गुण सारखाच आला. मुलांच्या मूत्रपिंडांना मात्र एकदाच देणे कमी जाचक ठरले.

घरी उपचार चालू असता कानात आवाज येणे, तोल जाणे, अंगावर पुरळ उठणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास डॉक्टरांना तत्काळ कळविणे आवश्यक असते.

'मात्रा लागू पडली' असे म्हणताना केवळ आलेला गुण पाहिला जातो. येथे गुण आल्यावरही मोजणे संपत नाही. श्वास मोकळा झालेल्या माणसाला पुढेही ऐकू यावयास हवे.