पिस्तुलावरील लाल ठिपका

नेमबाजीच्या साधनांत गेल्या कांहीं वर्षांत जो मोठा पालट झाला, तो पिस्तुलाच्या माथ्यावर बसविलेल्या एका लहानशा कांचेनें घडवून आणला आहे. आगपेटीएवढ्या चौकटींत ही कांच असते, आणि तिच्यांतून पाहिलें असतां समोरच्या लक्ष्यावर एक तांबडा ठिपका ठेवलेला दिसतो. तो लक्ष्यावर आणून चाप ओढला कीं नेम लागलाच, अशी नवशिक्याची सहज समजूत होते. ही समजूत खरी किती आणि खोटी किती, हें जाणल्यावांचून या साधनावर पैसा खर्चणें शहाणपणाचें नव्हे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा ठिपका लक्ष्यावर पडत नाहीं. लेसरचा किरण पुढें जाऊन भिंतीवर उमटतो. येथें तसें कांहीं होत नाहीं. चौकटीच्या मागच्या बाजूस तळाशीं एक सूक्ष्म दिवा असतो. त्याचा प्रकाश पुढील किंचित् अंतर्गोल कांचेवर आपटून नेमबाजाच्याच डोळ्याकडे परत येतो. दिवा त्या कांचेच्या केंद्राशीं असल्यामुळें परावर्तित किरण एकमेकांस समांतर निघतात, आणि समांतर किरण फार दूरच्या वस्तूकडून आल्यासारखे भासतात. म्हणून ठिपका कांचेवर न दिसतां दूर लक्ष्यापाशीं दिसतो. कांचेवरील लेप तांबडा प्रकाश तेवढा परतवितो व बाकीचा आरपार जाऊं देतो. त्यामुळें समोरचें दृश्य कधीं कधीं किंचित् निळसर दिसतें.

ही युक्ति नवी नाहीं. डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांनीं १९०० सालीं तिचें पेटंट घेतलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत एके काळीं जी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, तिची २० इंची परावर्तक दुर्बीण याच ग्रब यांच्या कारखान्यानें पुरविली होती. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांवर याच तत्त्वाचीं नेमयंत्रें सर्रास वापरलीं गेलीं. १९७५ मध्यें स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीनें विजेच्या दिव्याचें नेमयंत्र बंदुकीसाठीं बाजारांत आणलें. पिस्तुलावर मात्र तें टिकविणें अवघड होतें. कारण प्रत्येक गोळीबरोबर पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, जोरानें मागें जाऊन पुढें येतो, आणि त्यावरील दिवा, तारा व बॅटरी यांना तोच हिसका सोसावा लागतो. ही अडचण सुटल्यावर २०१५ मध्यें ग्लॉक कंपनीनें असें यंत्र बसविण्याची सोय असलेलीं पिस्तुलें काढलीं, व २०१७ मध्यें अमेरिकेच्या सैन्यानें निवडलेल्या नव्या पिस्तुलावरही ती सोय होती.

या साधनाचा खरा लाभ डोळ्याला आहे. साध्या पिस्तुलावर मागें एक खांच व नळीच्या टोंकाशीं एक माशी असते. खांच, माशी आणि लक्ष्य हीं तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात, आणि माणसाचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिर होतो. म्हणून जुन्या पद्धतींत माशी स्पष्ट व लक्ष्य पुसट दिसूं द्यावें असें शिकवितात. पक्ष्याच्या डोळ्यावांचून दुसरें कांहींच न पाहणाऱ्या अर्जुनाचा कित्ता तेथें गिरवितां येत नाहीं. शिवाय खांच व माशी यांतील अंतर जेमतेम १६ सेंटिमीटर असल्यास, त्यांच्या जुळणींत एक मिलिमीटरची चूक झाली तरी २५ मीटरांवर गोळी सुमारें १५ सेंटिमीटर बाजूला जाते. चाळिशी लागलेल्या माणसाला हातभर अंतरावरील माशी धूसर दिसूं लागते, आणि वर्षानुवर्षांचा छंद सोडावा कीं काय असा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. लाल ठिपका व लक्ष्य हीं दोन्ही दूरच दिसत असल्यानें अशा माणसाला सरळ लक्ष्याकडे पाहतां येतें.

यंत्र निवडतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, ठिपक्याचा आकार. तो कोनांत मोजतात. एका अंशाच्या साठाव्या भागास आपल्याकडे कला म्हणतात. २५ मीटरांवर एक कला म्हणजे सुमारें सात मिलिमीटर. तीन कलांचा ठिपका तेथें सुमारें २.२ सेंटिमीटर झांकतो, सहा कलांचा सुमारें ४.४. मोठा ठिपका लवकर सांपडतो. लहान ठिपक्यानें बारीक नेम धरतां येतो. दुसरी गोष्ट चौकटीची. उघड्या चौकटींत दिव्यासमोर पावसाचा थेंब किंवा कपड्याचा तंतु आला तरी ठिपका नाहींसा होतो. बंद पेटीच्या यंत्रांत हें भय नसतें, पण तें बहुधा थोडें जड व महाग असतें. तिसरी गोष्ट बॅटरीची. नाण्याच्या आकाराची ही बॅटरी बाजूनें किंवा वरून बदलतां आली तर उत्तम. यंत्र उतरवून खालून बदलावी लागली तर नेमाची जुळणी पुन्हां तपासावी लागते. चौथी गोष्ट बैठकीची. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांच्या बैठका एकसारख्या नसतात. त्या आपल्या पिस्तुलाशीं जुळतात कीं नाहीं हें खरेदीपूर्वींच पाहावें. स्क्रू सैल राहिले तर उत्तम यंत्रही खोटी साक्ष देतें. बॅटरी संपल्यास उपयोगी पडावी म्हणून जुनी माशी व खांच कांचेच्या तळाशीं दिसेल अशी ठेवणें इष्ट.

दुकानांत ठिपका गोल न दिसतां तारा, स्वल्पविराम किंवा द्राक्षांचा घोंस यांसारखा दिसला, तर यंत्राला लागलीच दोष देऊं नये. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याची वक्रता सर्व बाजूंनीं सारखी नसली कीं असें होतें; डॉक्टर यास ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात. यंत्र सुटें हातांत घेऊन हळूहळू फिरवावें. वेडावांकडा आकार यंत्राबरोबर फिरला तर दोष यंत्राचा. तो तसाच स्थिर राहिला तर डोळ्याचा. दोष डोळ्याचा असल्यास नव्या यंत्रापेक्षां योग्य चष्म्यावर पैसा घालणें बरें.

आतां शिकण्याविषयीं. हातांत पिस्तूल आल्यावर बहुतेकांची पहिली तक्रार ‘ठिपका दिसतच नाहीं’ अशी असते. नाचतां येईना अंगण वांकडें, त्यांतलाच हा प्रकार. नळीचें टोंक वर गेलें कीं ठिपका कांचेच्या वरच्या कडेपलीकडे जातो, आणि नवशिक्या कांचेंत इकडे तिकडे त्याचा शोध घेत बसतो. उपाय मनगटांत आहे. मूठ प्रत्येक वेळीं सारखी धरावी, दृष्टि लक्ष्यावरच ठेवावी, आणि पिस्तूल डोळ्यासमोर आणून टोंक किंचित् खालीं झुकवावें. हा सराव रिकाम्या पिस्तुलावर करावा. मात्र तें रिकामें आहे याची दोनदां खात्री करावी, गोळ्या दुसऱ्या खोलींत ठेवाव्या, आणि तरीही तें भरलेलेंच आहे असें समजून वागावें. सुरक्षित दिशेखेरीज नळी कोठेंही वळवूं नये, व नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊं नये.

दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची संवयही लावून घ्यावी. कांचेच्या पुढील बाजूस कागदी चिकटपट्टी लावून सराव केल्यास एक डोळा ठिपका पाहतो, दुसरा लक्ष्य, आणि मेंदू दोन्ही चित्रें एकत्र आणतो. ठिपक्याकडे टक लावून पाहण्याची खोड या युक्तीनें मोडते. ठिपका फार प्रखर ठेवला तर तो पसरतो व लक्ष्य झांकतो. जेमतेम ठळक दिसेल इतकाच त्याचा उजेड ठेवावा.

यानंतर गोळीची जुळणी १० ते २५ मीटरांच्या दरम्यान एक अंतर ठरवून करावी. ठिपक्याची रेषा नळीपेक्षां दोन-तीन सेंटिमीटर उंच असते. म्हणून अगदीं जवळच्या लक्ष्यावर गोळी ठिपक्याच्या थोडी खालीं लागते.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र थरथरीची. जुन्या माशीवर न दिसणारा हाताचा कंप येथें स्पष्ट दिसतो. ठिपका नाचतांना पाहून नेमबाज घाबरतो, आणि तो मध्यावर आला कीं झटक्यानें चाप ओढतो. त्या झटक्यानेंच गोळी चुकते. कंप सर्वांच्याच हाताला असतो. ठिपका लक्ष्याच्या सीमेंत हलत असतां चाप सावकाश व सरळ दाबला, तर गोळी त्या सीमेंतच जाते.

हें साधन सर्व स्पर्धांत चालतें असेंही नाहीं. चपळ नेमबाजीच्या कांहीं स्पर्धांत त्यासाठीं स्वतंत्र गट आहेत. पण ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तूल-स्पर्धांत उघडी माशी व खांच यांचाच नियम आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, तें अशाच उघड्या माशीवर. यावरून लाल ठिपक्याचें महत्त्व कमी होत नाहीं, पण त्याची जागा निश्चित होते. डोळ्याची अडचण तो दूर करतो आणि हाताची चूक उघडी करतो. ती चूक सुधारण्याचें काम अभ्यासाचें आहे, व तें कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.