होडीतलं मीठ

वसईच्या माणसाला मिठाची ओळख करून द्यायला नको. नायगावपासून भाईंदरपर्यंत खाडीकाठची मिठागरं बघतच आम्ही लोकलने ये-जा केली. पण ताटात चिमूटभर हवं असलेलं हे मीठ लोखंडाच्या, तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या मुळावर कसं उठतं, ते मला समजलं माझ्या भाच्याच्या होडीमुळे.

होडी फायबरची, जुनी, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली. पूर्वी ती हौशी पर्यटकांना दोरीने पाण्यावरून ओढत नेण्याच्या कामाची होती. मग एका पावसाळ्यात खाडीत अर्धी बुडून पडली. भाच्याने कर्ज काढून ती स्वस्तात घेतली. गळाने मासे धरायचे, दोन मित्र जोडीला. नारळी पौर्णिमेला रंग लावून पाण्यात लोटायची, असा त्याचा बेत. पाचूबंदरच्या एका वयस्कर कारागिराने होडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, “रंग शेवटी. आधी हिला गोडं पाणी दाखवा.”

त्यामागचं शास्त्र साधं आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार तिथेच राहतात. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलाच ओलावा ओढून विरघळू लागतं. म्हणजे होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असली, तरी तिच्या फटींत समुद्र शिल्लकच असतो. गंज थांबत नाही. म्हणून पहिलं काम धुण्याचं. तळाच्या फळ्या उचलून, बूच काढून, कानाकोपऱ्यांत गोडं पाणी पुन्हा पुन्हा सोडायचं. मिठावर मारलेला रंग म्हणजे ओल्या भिंतीवरचा चुना. चार दिवस शोभतो, मग पापुद्रे सुटतात.

दुसरं काम कानाने करायचं. फायबर कुजत नाही, पण अनेक होड्यांत मागच्या सपाट भिंतीच्या पोटात प्लायवूड घातलेलं असतं. इंजिनाचा सारा भार आणि जोर याच भिंतीवर येतो. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलं की बाहेरून तुळतुळीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. कारागीर छोट्या हातोडीने ठोकत गेला. चांगल्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी बद्द. इंजिनाचा एक बोल्ट काढला, तर काळं पाणी ठिबकलं. भर समुद्रात अशी भिंत फाटली असती, तर इंजिन गेलं असतंच, पण मागून पाणी आत येऊन तिघांच्या जिवावर बेतलं असतं.

दुरुस्ती म्हणजे कुजकं लाकूड खरवडून काढणं, आतला भाग पूर्ण वाळवणं, नवं प्लायवूड बसवून त्यावर काचतंतूचं कापड आणि रेझिन चढवणं. दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. म्हणून पाऊस सरेपर्यंत थांबणं आलं. भाचा वैतागला. “मामू, हप्ता दर महिन्याला भरायचा आहे, तो पाऊस बघत नाही,” म्हणाला. त्याचंही खरं होतं. तरीही तो थांबला.

तिसरी गोष्ट धातूंची. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की विजेचा सेल तयार होतो आणि त्यांतला दुबळा धातू झिजतो. म्हणून इंजिनाच्या खालच्या भागावर जस्ताचा तुकडा लावतात. तो स्वतः झिजतो आणि बाकीच्यांना वाचवतो. सर हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांसाठी ही युक्ती सुचवली. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा तिने वाचलाही. गंमत अशी की, तांबं झिजत होतं तेव्हा त्याचा अंश पाण्यात उतरून शेवाळ आणि शिंपल्यांना दूर ठेवत होता. तांबं झिजायचं थांबलं आणि तळाला शेवाळ-शिंपले चिकटले. जहाजं मंदावली. आजही दोन नियम पाळायचे. जस्तावर रंग मारायचा नाही, आणि तो अर्धा झिजला की बदलायचा.

राहिलं इंजिन आणि वायरिंग. बुडालेलं इंजिन वर काढलं की हवेतला प्राणवायू मिळून गंज झपाट्याने वाढतो. म्हणून ते लगेच गोड्या पाण्याने धुवावं, स्पार्क प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढावं, तेल घालावं. मेकॅनिक यायला उशीर असेल, तर उघड्यावर ठेवण्यापेक्षा गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवणं बरं. भाच्याच्या इंजिनाला हा उपचार वेळेवर मिळालाच नव्हता. उघडलं तर आत ॲल्युमिनियमची पांढरी पूड. ते भंगारात गेलं. वायरी वरून धडधाकट, पण सोलल्यावर तांबं काळं पडलेलं. लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो, शेवटी सगळ्याच बदलल्या.

दिवाळीनंतर होडी पाण्यात उतरली. हिशेब मांडला तर स्वस्त होडी स्वस्त राहिली नव्हती. म्हणून जुनी होडी घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : रंग बघू नका, हातोडी घेऊन जा. एक बोल्ट काढून दाखवायला सांगा. विकणारा नको म्हणाला, तर तेच उत्तर समजा. आणि होडी घेतलीत, तर प्रत्येक फेरीनंतर इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा. आमच्या भागात गोडं पाणी जपून वापरावं लागतं, हे मला माहीत आहे. तरीही त्या दोन-चार बादल्यांची काटकसर करू नका.