कामशेतचे पेन्शनर

संपादकांनी विषय दिला होता 'उत्तरायुष्यातले यश'. चार-पाच माणसे घ्या, प्रत्येकाला दोन-दोन पाने द्या, असे फोनवर बजावलेही होते. मी हो म्हणालो. त्या होकाराचे काय झाले ते पुढे दिसेलच.

तेव्हा आधी ती माणसे उरकून घेतो. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, आणि नंतर आणखी ४६ वर्षे जगले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागली तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. डॉ. श्रीराम लागूंनी बेचाळिसाव्या वर्षी कान-नाक-घशाचा दवाखाना सोडून पूर्णवेळ नाटक धरले आणि लगेच पुढच्या वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आणले. देवळालीचे कापरेकर मास्तर १९६२ साली शाळेतून निवृत्त झाले. त्यांच्या स्वयंभू संख्या जगभर पोचल्या त्या १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

झाले. आता सरदेसायांकडे वळतो.

गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे रियासतकार, जन्मले १७ मे १८६५ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावी. बी.ए. झाले आणि १८८९ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले. महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची, राजपुत्रांना शिकवायचे, खासगी खात्यातले पडेल ते काम करायचे, महाराज विलायतेला निघाले की सामान बांधायचे. वाचून दाखवताना आणि शिकवताना काढलेली टिपणे साठत गेली. त्यांतून १८९८ साली 'मुसलमानी रियासत' आणि १९०२ पासून 'मराठी रियासत' निघाली. म्हणजे त्यांचे नाव ज्यामुळे झाले ते काम नोकरीच्या फटीफटीतून झालेले आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर १९२५ साली ते निवृत्त झाले आणि पुणे-लोणावळा लोहमार्गावरच्या कामशेतला, इंद्रायणीकाठी येऊन राहिले.

खरे तर इथे एखाद्याचे चरित्र संपते. वय साठ, नावावर जाडजूड ग्रंथ, गावाबाहेर घर, नदी, शुद्ध हवा. त्यात दुःख मोठे. थोरला मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकलेला, पुढे जर्मनीला गेला आणि बाप निवृत्त झाला त्याच वर्षी तिकडेच वारला. धाकटाही आधीच गेलेला. त्यांनी पुढची वर्षे व्हरांड्यात बसून काढली असती तरी कुणी नाव ठेवले नसते.

मला हा माणूस का इतका आवडतो, हे सांगायचे तर स्वतःविषयी थोडे सांगावे लागेल. मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. पिंपरीकडच्या एका कारखान्यात मी २९ वर्षे स्टोअर्समध्ये काढली. नटबोल्टपासून बेअरिंगपर्यंत प्रत्येक खणाला बिन कार्ड, मार्चअखेर स्टॉक टेकिंग. चौपन्नाव्या वर्षी एका सकाळी साहेबांनी बोलावले, चहा मागवला (तेव्हाच ओळखायला हवे होते) आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे सरकवला. त्यातली स्वेच्छा कुणाची होती हे अजून मला कळलेले नाही. घरी आलो. पहिल्या महिन्यात हिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या महिन्यात हिनेच वर्तमानपत्रातली मोडी लिपीच्या वर्गाची जाहिरात कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली.

मोडी म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, जास्त सांगितले तर लेख तिथेच राहील. आधी ओळीभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे लोंबकळत ठेवायची, शब्द कुठे सुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचे. शिवाय शब्द तोडून लिहायची खोड. राजश्रीचे 'रा॥', तालुक्याचे 'ता॥'. पहिल्या सहामाहीत एका पत्रात मी 'पा॥' वाचला आणि हिशेबी डोक्याने तो पाव केला, कारण जमाखर्चात त्या दोन उभ्या रेघा अर्ध्याच्या आणि पाव-अर्ध्याची सवय जुनी. पुढे 'घोडे पाव' असे निघाले तेव्हा गुरुजी म्हणाले, "अहो, घोडे पाठविले! पावाबरोबर नाही खाल्ले." वर्गात हसू उसळले. चौपन्नाव्या वर्षी वर्गात हसे होण्यात एक मजा आहे, ती चौदाव्या वर्षी नसते.

आणि मग एकदा गुरुजी आम्हाला पुणे पुराभिलेखागारात घेऊन गेले. लोक अजून पेशवे दप्तरच म्हणतात. कौन्सिल हॉलजवळची दगडी इमारत. दार उघडून आत पाहिले आणि मी जागीच थांबलो, कारण हे माझे स्टोअर्स होते. घोड्यांवर घोडे (लाकडी, पेशव्यांचे नव्हेत), त्यांवर रुमालांच्या रांगा. रुमाल म्हणजे खिशातला नाही. चौकोनी फडक्यात कागदांचा गठ्ठा ठेवून चार टोकांच्या गाठी मारलेले गाठोडे. असे सुमारे पस्तीस हजार. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी कागद ताब्यात घेतले. पुढे १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने गावोगावचे आणखी आणून त्यांत टाकले, इनामाचा दावा खरा की खोटा हे तपासायला. म्हणजे सरकारच्या लेखी हा इतिहास नव्हता, पुरावा होता. इनामदाराच्या हाती भलता कागद लागला तर उद्या कोर्टात उभा राहील, ही भीती. म्हणून कुलूप.

त्या कुलपाबाहेर आमचे इतिहासकार दोन पिढ्या उभे होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या खटपटीने पेशव्यांच्या रोजनिशीतले वेचे तेवढे गणेश चिमणाजी वाडांच्या हातून बाहेर आले. राजवाडे तर वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या पुड्यांतून कागद सोडवत महाराष्ट्रभर वणवण हिंडले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे सरदेसायांची पहिली रियासत आली त्याच वर्षीचा. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले. दप्तर त्यांना मिळाले नाही. मला याचे फार वाईट वाटते, आणि रागही येतो.

तीनच वर्षांनी दार उघडले. त्यामागे यदुनाथ सरकार होते. बंगाली माणूस, फारसीचे पंडित, औरंगजेबाचे इतिहासकार. सरदेसायांशी त्यांची ओळख १९०४ च्या सुमाराची, पत्रांतून झालेली, आणि ती पत्रे पुढे पन्नास वर्षांवर चालू राहिली. यदुनाथांना आपल्या मोगल इतिहासासाठी मराठी कागद हवे होते. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या गळी उतरवले की या दप्तरातले निवडक कागद छापा, आणि काम सरदेसायांना द्या. सरदेसाई तेव्हा चौसष्ट वर्षांचे.

आता स्टोअर्सकीपरच्या नजरेने पाहा. पस्तीस हजार गाठोडी, हाताशी मूठभर मदतनीस, आणि परवानगी देणारे सरकार उद्या मन बदलू शकते. मी असतो तर पहिली दोन वर्षे यादी करण्यात घालवली असती. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापून हातावेगळे केले. पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा. सोळावा वसईच्या मोहिमेचा. चिमाजी आप्पाच्या वेढ्यातली रोजची पत्रे, दारूगोळा, सुरुंग, धान्य आले की नाही, कोण पडले. साष्टीची, वसईची लढाई मी शाळेत चार ओळींत शिकलो होतो. इथे माणसे चिखलात उभी दिसतात.

पंडितांनी झोडपले. काम घाईचे आहे, टिपा अपुऱ्या, तारखा चुकल्या, रुमालातला क्रम मोडून विषयवार वाटणी केली, आपल्या माणसाला डावलून बंगाल्याच्या शिफारशीने नेमणूक झाली वगैरे. पहिल्या चार आक्षेपांत तथ्य आहे. कुणीही आज ते खंड उघडले तर चुकलेल्या तारखा सापडतात. पण मी घाईच्या बाजूचा आहे. पासष्टीतल्या माणसाने दर कागदाला तळटीप लिहीत बसायचे ठरवले असते तर आपल्याला तीन सुरेख खंड मिळाले असते, आणि बेचाळीस खंडांचा मजकूर पुन्हा गाठोड्यात. चुका नंतरच्यांनी दुरुस्त कराव्यात म्हणून तर छापायचे.

या घाईला एक भांडवलही होते, आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. सरदेसायांनी त्याआधी तीस वर्षे छापील साधने, बखरी, इंग्रजी ग्रंथ यांवरून रियासती रचल्या होत्या. पंडित नाक मुरडत, की हे संकलन, संशोधन नव्हे. बरे, ते गद्य जागोजागी कोरड्या भाकरीसारखे लागते हेही खरे. पण त्या संकलनापायी कोण कुणाचा मेहुणा, कोण कधी कुठे छावणीला होता हे सगळे या माणसाच्या डोक्यात खण पाडून लावलेले होते. कागद हातात आला की तो कुठल्या खणात जातो हे त्यांना कळे. माल तीस वर्षे आत येत होता, पावती चौसष्टाव्या वर्षी फाटली. लोक याला 'दुसरी इनिंग' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. पहिल्या डावातल्या धावा फुकट गेल्यासारखे वाटते.

पुढचे तर आणखी गमतीचे. दप्तराचे काम चालू असतानाच १९३२ साली मराठी रियासतीचा शेवटचा भाग निघाला, आणि तोवर नव्या कागदांनी आधीचे भाग जुने करून टाकले होते. आपलीच पुस्तके आपल्याच शोधाने शिळी! दुसरा कुणी गप्प बसला असता. यांनी सगळा इतिहास पुन्हा लिहायला घेतला, तोही इंग्रजीत. 'न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज'चा पहिला खंड १९४६ साली आला, उरलेले दोन १९४८ साली. म्हणजे ऐंशी उलटल्यावर. 'माझी संसारयात्रा' हे आत्मचरित्र एक्क्याण्णवाव्या वर्षी, पद्मभूषण बाण्णवाव्या वर्षी. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेतलाच गेले.

यदुनाथही त्याच जातीचे. मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या चार खंडांतला पहिला १९३२ चा आणि चौथा १९५० चा. तेव्हा तेही ऐंशीला टेकले होते. हे गृहस्थ इतक्या लांबून कामशेतला येऊन राहत. दोन म्हातारे, दोघांच्या घरांत मरणे होऊन गेलेली, आणि बोलणे कशाविषयी, तर एखाद्या पत्रावर तिथी आहे पण साल नाही, ते कसे लावायचे. मी खूपदा मनाशी ठरवतो की माणसाला निवृत्तीनंतर काय लागते याची यादी करावी. पेन्शन येतेच. पण एक कटकट्या मित्र, जो पत्रातून दर आठवड्याला 'झाले का?' विचारतो, तो यादीत बराच वर लागेल.

गेल्या पावसाळ्यात मी कामशेतला जाऊन आलो. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल धरली. तळेगाव, वडगाव, कान्हे, मग कामशेत. काही शोधायला गेलो नव्हतो. नदीवर जाऊन बसलो. पाणी गढूळ, पलीकडे भातखाचरे, मधूनच महामार्गाची घरघर. डबा आणला होता, पोळी आणि बटाट्याची भाजी. खाताना मनात आले की पुण्यातल्या दगडी इमारतीतून इथे परत यायला त्यांनाही हीच गाडीची वाट होती, आणि पासष्टीत ते दिवसभर मोडी वाचून येत. माझे डोळे दोन तासांत पाणी गाळतात.

आता मी दर मंगळवारी दप्तरात जातो. मोठे काही करत नाही. सध्या एका पत्रापाशी अडलो आहे. कुण्या कमावीसदाराचा, म्हणजे वसुली अंमलदाराचा, कागद. जोंधळ्याची पेरणी चालली आहे, एक बैल चोरीस गेला, आणि शेवटी ओळ, की हिंदुस्थानाकडील वर्तमान बहुत दिवस नाही. छ २३ सफर, म्हणजे सफर महिन्याची तेविसावी तारीख. साल नाही. शुहूर सन, म्हणजे दप्तरातला अरबी शब्दांत लिहिलेला सन, असता, 'इहिदे सितैन मया व अलफ' असे नुसते चार शब्द असते, तरी ११६१, म्हणजे १७६०-६१, हे लगेच कळले असते. तो कोपराच कसरीने खाल्ला आहे. पण सफर हा चांद्र महिना. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. तो जोंधळ्याच्या पेरणीत यायचा तर १७५९, १७६० किंवा १७६१. नाहीतर चक्र पुन्हा फिरून १७९२ च्या आसपास.

१७६० च्या त्या दिवसांत भाऊसाहेब दिल्लीच्या पुढे सरकत होते आणि पानिपत तीन महिन्यांवर होते. माझ्या मनाला ते साल हवे आहे, आणि तेवढ्यासाठीच मी त्यावर विश्वास ठेवत नाही. स्टोअर्समध्ये असताना आकडा हवा तसा जुळला की आम्ही पुन्हा मोजायचो. हिला विचारले तर ही म्हणाली, आधी बैलाचे बघा, तो कुणाचा होता ते. त्या कमावीसदाराचा दुसरा कागद शेजारच्या रुमालात असावा असे वाटते. मागणीची चिठ्ठी भरून ठेवली आहे.