प्रतिभेचे शिक्षण : राजशेखराचा विचार आणि आजचा संशोधक

नवा विचार करण्याची शक्ती उपजत असते की अभ्यासाने संपादन करता येते, हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने अत्यंत व्यावहारिक आहे. प्रतिभा ही देणगी असून ती आपल्याला लाभलेली नाही, अशी ज्याची समजूत होते, तो प्रबंधाचा विषय निवडताना मळलेली वाट सोडावयास धजत नाही. मार्गदर्शकाचीही तीच समजूत असेल, तर त्या विद्यार्थ्याची वाटचाल तेथेच संपते. प्रस्तुत लेखात या समजुतीचा विचार एका जुन्या ग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे.

हा ग्रंथ म्हणजे राजशेखराची 'काव्यमीमांसा'. तिचा काळ इ. स. ९०० च्या सुमाराचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून ती १९१६ मध्ये छापली गेली. वऱ्हाडातील वाचकाला तिच्याविषयी जिव्हाळा वाटण्यास विशेष कारण आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावला आहे. हे वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता होता.

राजशेखर प्रतिभेचे दोन प्रकार मानतो. निर्माण करणारी ती कारयित्री. निर्मितीचे मर्म जाणणारी ती भावयित्री. दुसरीच्या अभावी कवीच्या श्रमाचा वृक्ष वांझच राहावयाचा, असे त्याचे मत आहे. कारयित्रीचे त्याने पुन्हा तीन भेद केले : जन्मांतरीच्या संस्काराने लाभणारी सहजा, याच जन्मातील संस्काराने येणारी आहार्या आणि उपदेशाने प्राप्त होणारी औपदेशिकी. तीनपैकी दोन भेद याच जन्मात साध्य होणारे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चित्ताची एकाग्रता आणि सततचा अभ्यास या दोहोंनी मिळून शक्ती उजळते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

हा विचार तो तत्त्वापुरताच ठेवीत नाही. त्याने कवीची दिनचर्याच आखून दिली आहे : पहिल्या प्रहरी विद्यांचे अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी मोजक्या जाणकारांसह सकाळच्या रचनेचे परीक्षण. रचनेच्या आवेशात विवेकाची दृष्टी राहत नाही, म्हणून परीक्षणाची वेळ निराळी ठेवावयाची. ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये पूर्वतयारी, परिपाक, स्फुरण आणि पडताळा अशा चार अवस्था सांगितल्या. दोन्ही मांडण्या एकरूप नव्हेत. वॉलसने ज्या अजाण परिपाकावर भर दिला, तो राजशेखराच्या वेळापत्रकात दिसत नाही. तथापि सुचणे आणि पारखणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत, याविषयी दोघांचे एकमत आहे.

भाषाभ्यासातील एक उदाहरण घेऊ. अकोला-वाशीम मार्गावरील मेडशीसारख्या गावी वऱ्हाडी बोलीची सामग्री गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला 'डोळा'ऐवजी 'डोया' हा उच्चार ऐकू येतो. 'ळ'च्या जागी 'य' येणे हे वऱ्हाडीचे परिचित लक्षण आहे. ते नोंदवून थांबल्यास विद्यार्थ्याने स्वतःचे असे काहीच केले नाही. मात्र 'काळा' आणि 'काया' यांचे उच्चार एक झाले, तर बोलणारा अर्थभेद कशाने राखतो, असे त्याने विचारले की कारयित्री जागी झाली. शाळा शिकलेला मनुष्य पाहुण्याशी 'ळ' आणि घरी 'य' उच्चारतो काय, वृद्ध आणि तरुण यांत भेद आहे काय, हे पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात. यांपैकी कोणता प्रश्न सामग्रीवर टिकतो आणि कोणता टाकावयाचा, हे ठरविणे भावयित्रीचे काम होय.

येथे दैवी स्फुरणाची आवश्यकता पडत नाही. आवश्यक आहे ते परिचित गोष्टीला 'तर मग काय?' असे विचारण्याचे वळण. शेतीत, कचेरीत वा संसारात अडचण उभी राहते तेव्हाही हेच वळण उपयोगी पडते. पहिल्या उत्तरावर न थांबता दुसरे-तिसरे उत्तर शोधावयाचे, आणि निवाडा मागाहून करावयाचा.

यावरून अध्यापनाविषयी दोन सूचना कराव्याशा वाटतात. चर्चासत्रात नवी कल्पना मांडली जात असताना तिचे दोष त्याच क्षणी दाखवू नयेत; त्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. दुसरे असे की, प्रबंधात केवळ निष्कर्ष न मागता विद्यार्थ्याने कोणते पर्याय विचारात घेतले आणि कोणत्या पुराव्याने ते सोडले, याचेही एक प्रकरण मागावे. सर्जनशीलतेचा दावा परीक्षकाला तपासता येत नाही. सोडून दिलेल्या वाटांचा हा हिशेब मात्र तपासता येतो.