आवाज सोडण्याची रीत

पेठच्या बाजारात ‘कंप्रेसर’ म्हटले की पंक्चरवाल्याच्या दुकानातले धडधडणारे यंत्र डोळ्यांसमोर येते. स्टुडिओतला कंप्रेसर हवा नव्हे, आवाज दाबतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो थोडा खाली आणायचा, आणि मग सगळ्याचीच पातळी उचलायची, म्हणजे कुजबुजही ऐकू येते. काम एवढेच. तरीही साठ वर्षांपूर्वीच्या अशा पेट्यांसाठी ध्वनिमुद्रक आज लाखो रुपये मोजतात. हे वेड मला कळत नव्हते. कळले ते एका वाया गेलेल्या ध्वनिमुद्रणामुळे.

मार्गशीर्षात, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी थाळीवरची कथा मुद्रित करत होतो. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवतात. ती चिमटीत धरून बोटे वरून खाली ओढत राहिले की थाळी गुणगुणते. त्या गुंजनावर एक वृद्ध बाबा कणसरीची कथा सांगत होते, आणि मध्येच सोबतचे लोक मोठ्याने झील धरत. ही कथा पूर्ण येणारे पाड्यावर ते एकटेच उरले होते. माझ्या रेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप राखण्याची सोय होती, ती मी विश्वासाने चालू ठेवली. घरी ऐकले तर प्रत्येक आरोळीनंतर थाळी गायब. मग कुणी दार उघडावे तशी ती एकदम फुगून परत येई. कथा ऐकायची की यंत्राचा दमा, हेच कळेना.

तोही कंप्रेसरच होता. दाबायचे कसे हे त्याला ठाऊक होते, सोडायचे कसे हे नव्हते.

पुढच्या वर्षी पातळी हाताने खाली ठेवून मी पुन्हा मुद्रण केले आणि ते मुंबईला एका ध्वनिमुद्रकाकडे नेले. त्याच्याकडे टेलेट्रॉनिक्स एलए-२ए होता. जिम लॉरेन्स या अमेरिकी अभियंत्याची ही १९६०च्या दशकातली रचना. तिचे पोट विलक्षण आहे. आत एक लहानशी प्रकाशपट्टी असते आणि तिच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारा घटक. आवाज वाढला की पट्टी उजळते, रोध उतरतो आणि आवाज दबतो. आवाज ओसरला की पट्टी विझते. पण समोरचा घटक लगेच पूर्वपदावर येत नाही. निम्मा दाब सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला सुटायला एक ते अनेक सेकंद लागतात. किती, ते प्रकाश आधी किती वेळ आणि किती तेजाने पडला यावर अवलंबून. एखाद्या निसटत्या आरोळीला तो पटकन विसरतो, लांबलेल्या झिलेला सावकाश. आपले डोळेही उन्हातून अंधाऱ्या घरात शिरल्यावर असेच वागतात. म्हणूनच बहुधा हे दाबणे कानाला यंत्राचे वाटत नाही.

ही यंत्रे मुळात सौंदर्यासाठी जन्मली नव्हती. रेडिओवर आवाज एकदम चढला तर प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडली जाई. तबकडी कापताना खाच शेजारच्या खाचेत घुसे. १९५९च्या सुमारास राइन नार्मा यांनी रचलेला फेअरचाइल्ड ६७० तबकडी कापण्यासाठीच होता: २० व्हॉल्व्ह, वजन सुमारे ३० किलो. त्याचाच एकमार्गी भाऊ ६६० लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या आवाजावर चालला आणि दंतकथा झाला. व्हॉल्व्हच्या ‘उबेविषयी’ लोक भरभरून बोलतात. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर आवाजात थोडी भर घालतात हे खरे, पण मला त्या उबेचे कौतुक जरा अती वाटते. माझ्या थाळीला वाचवले ते त्या सावकाश सुटण्याने.

आपल्याकडे हे काम माणसेही करत आली आहेत. तान चढली की गायक मायक्रोफोनपासून किंचित मागे सरके, हळुवार ओळीला पुढे येई. मायक्रोफोनसमोर श्वास कसा घ्यावा हे लता मंगेशकरांना अनिल विश्वासांनी शिकवले होते. तो कंप्रेसर मानेत होता.

एलए-२एमधून निघालेली कथा ऐकून मी थक्क झालो. थाळी शेवटपर्यंत अखंड. बाबांचा श्वास, शेकोटीतल्या लाकडाची चरचर, सगळे हाताशी आले. तीच प्रत घेऊन पाड्यावर गेलो. बाबांनी डोळे मिटून ऐकले, थाळीला मान डोलावली. झील आली तसे डोळे उघडले. म्हणाले, “गुरुजी, ही हाक इतकी जवळ कशी? ती आम्ही पलीकडच्या डोंगराला घातली होती.”

मला उत्तर सुचले नाही. डोंगरापर्यंतचे अंतर मीच काढून टाकले होते, आणि तेही चांगल्या यंत्राने. त्या दिवसापासून मूळ मुद्रण मी हात न लावता वेगळे ठेवतो. बाबांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये आता दोन्ही प्रती आहेत. तो कथा शिकताना दाबलेली लावतो, कारण तिच्यात शब्द कळतात. बाबा शेजारी असले की दुसरी लावायला सांगतात.