स्थलांतरित समुद्रजल-मत्स्यालयातील विकृती व त्यांचा उपशम

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या शिकागो नगरात १९३० साली शेड मत्स्यालय उघडले, तेव्हा तेथील खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसाठी सुमारे १० लक्ष गॅलन समुद्रजल फ्लॉरिडातील की वेस्टहून आगगाडीच्या टाकीवजा डब्यांतून आणण्यात आले. पाणी कितीही दूर नेता येते, हे त्या खटाटोपाने सिद्ध झाले. परंतु वर्षानुवर्षे सुस्थितीत असलेले एखादे मत्स्यालय एका दालनातून शेजारच्या दालनात हलविले, तरी आठवड्याभरातच मासे धापा टाकू लागतात, प्रवाळ मिटून बसतात आणि पाण्यावर दुधट छटा येते, हा प्रयोगशाळांतून वारंवार येणारा अनुभव आहे. पाणी तेच, प्राणी तेच आणि खडकही तेच असताना असे का घडावे, हा प्रश्न केवळ हौशी मत्स्यपालकाचा नव्हे. प्राणिशास्त्राच्या विभागात अशा टाकीवर प्रयोगांची मांडणी अवलंबून असते. शिवाय तीत प्रवाळ असतील तर एकदा गेलेला जीव भरून काढणे दुष्कर असते, कारण सर्व खडकनिर्मात्या प्रवाळांचा समावेश २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना, जुन्या मत्स्यालयात ‘जुने’ असे नेमके काय असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्राण्यांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया निर्माण होतो. त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास झूरिक येथे प्रथम वेगळे केले. तेव्हापासून नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. ती आता अपुरी ठरली आहे. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत नायट्राइटचे ऑक्सिडीकरण मुख्यत्वे नायट्रोस्पायरासदृश जीवाणू करतात, असे होव्हानेक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले. त्याहूनही लक्षणीय गोष्ट म्हणजे अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा पहिला आर्कियावर्गीय सूक्ष्मजीव, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, २००५ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाला, तो सिॲटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय समुद्रजलाच्या टाकीतील खड्यांवरून. महासागरात विपुल असणाऱ्या एका जीवगटाचा परिचय अशा रीतीने एका टाकीच्या तळातून व्हावा, हा योगायोग खरा. परंतु त्यात एक सूचनाही आहे. हे सूक्ष्मजीव हाती लागले ते खड्यांवरून. मत्स्यालयातील नायट्रीकरण करणारी बहुतेक वस्ती वाळूच्या कणांवर, खडकांच्या छिद्रांत व गाळणीच्या स्पंजावर पातळ लेपाच्या रूपाने चिकटलेली असते; मुक्त पाण्यात तिचा अंश अल्प असतो.

स्थलांतराच्या वेळी मात्र नेमका याच्या उलट व्यवहार होतो. जुने पाणी बादल्या भरभरून जपले जाते आणि वाळू व स्पंज ‘या निमित्ताने स्वच्छ होतील’ म्हणून नळाखाली धुतले जातात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि लवणतेतील एकाएकी घट या दोहोंपुढे समुद्रजलातील जीवाणूंचा लेप टिकाव धरू शकत नाही. बंद डब्याची गाळणी पाण्याने भरलेली तशीच तासन्‌तास ठेवून दिली, तरी परिणाम फारसा निराळा होत नाही. आतील कुजणाऱ्या गाळावर जगणारे इतर जीवाणू उपलब्ध प्राणवायू लवकरच संपवितात, आणि नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजीव तर प्राणवायूवाचून काम करूच शकत नाहीत. याउलट तोच स्पंज उघड्या भांड्यात, समुद्रजलात बुडवून, हवेचे बुडबुडे सोडून ठेवला तर कित्येक दिवस कार्यक्षम राहतो. जुने पाणी राखू नये असा याचा अर्थ नव्हे. लवणता व अल्कता यांत अकस्मात फरक पडू नये यासाठी त्याचा उपयोग आहेच. मात्र नायट्रीकरणाची शक्ती त्याच्याबरोबर येत नाही.

वाळूचा प्रश्न अधिक बिकट आहे. चार-पाच सेंटिमीटरांहून खोल थरात प्राणवायू पोहोचत नाही. समुद्रजलात सल्फेटचे प्रमाण दर किलोग्रॅमला सुमारे २.७ ग्रॅम असते, आणि प्राणवायूच्या अभावी त्याचे क्षपण करून काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. काचेतून दिसणारे काळे पट्टे हे लोहसल्फाइडाचे असतात. वाळू जागच्या जागी असेपर्यंत हा व्यवहार निरुपद्रवी असतो. वर येणाऱ्या सल्फाइडाचे वरच्या थरांत ऑक्सिडीकरण होऊन जाते. ती ढवळली, की साठलेला वायू, अर्धवट कुजलेला सेंद्रिय गाळ आणि वाळूच्या फटींतील अमोनिया हे सारे एकदम पाण्यात उतरते. हायड्रोजन सल्फाइड पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज निकामी करतो; पाण्यात प्राणवायू असूनही प्राणी गुदमरतो. टाकी भरल्यावर पहिल्या काही तासांतच मासे मेले आणि कुजक्या अंड्याचा दर्प आला, तर कारण येथेच शोधावे. वरची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची वाळू निराळी काढून समुद्रजलात हवा देत ठेवावी, आणि खालची काळी वाळू त्या दिवशी टाकीत परत घालूच नये, हा उत्तम मार्ग होय. ती आधीच घातली गेली असल्यास प्राण्यांना स्वच्छ समुद्रजलाच्या दुसऱ्या भांड्यात हलवून टाकीत जोराने हवा सोडावी. प्राणवायूच्या सान्निध्यात सल्फाइडाचा नाश काही तासांत होतो.

येथे वाहतुकीच्या भांड्यातील रसायनाचाही विचार केला पाहिजे, कारण या बाबतीत चांगल्या हेतूने केलेला उपचारच घातक ठरतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: विषारी मुक्त अमोनिया आणि त्या मानाने सौम्य असा अमोनियम आयन. यांपैकी कोणते रूप किती, हे मुख्यतः सामू, म्हणजेच पीएच मूल्य, ठरविते. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या समुद्रजलात सामू ८.२ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ६ ते ७ टक्के भाग मुक्त असतो, सामू ७.२ असता तो १ टक्क्याहूनही कमी असतो. बंद पिशवीत मासा श्वसन करतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो. अमोनियाही साठतच असतो, पण उतरलेल्या सामूमुळे त्याचे विष जणू निद्रिस्त राहते. प्रवास लांबला आणि मग पिशवी उघडून तीत हवा सोडली, किंवा टाकीतील पाणी थेंबथेंब तासभर मिसळीत राहिले, तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि साठलेला अमोनिया जागा होतो. म्हणून दीर्घ प्रवासानंतर पिशवी बंद असतानाच तापमान जुळवावे, टाकीचे पाणी पिशवीतील पाण्याच्या लवणतेशी आधीच जुळवून ठेवावे, आणि मासा प्रवासाचे पाणी वगळून चटकन टाकीत सोडावा. हायड्रोजन सल्फाइडाचे वर्तन याच्या नेमके उलट आहे. सामू जितका कमी तितका त्याचा विषारी अंश अधिक. एका विषावरील उतारा दुसऱ्याचे बळ वाढवितो, हे लक्षात न घेता सामूवर आंधळेपणाने उपचार करणे योग्य नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुढील आठवड्या-दीड आठवड्यात उद्भवणारी विकृती बहुधा अमोनियाची असते. तिचे निदान मोजमापावाचून करू नये. या कामी नेसलरचे अभिकर्मक समुद्रजलात सोयीचे नाही. त्याच्या तीव्र अल्कधर्मितेमुळे मॅग्नेशियमचा साका बसतो. इंडोफिनॉल पद्धती अधिक विश्वसनीय होय. अमोनिया आढळल्यास पाणी बदलणे हा रूढ उपाय आहे आणि तो योग्यही आहे. मात्र त्याचे गणित थोडे फसवे आहे. समजा, टाकीत लिटरला १ मिलिग्रॅम एकूण अमोनिया आहे आणि सामू ७.९ आहे. मुक्त अमोनिया त्या वेळी सुमारे ०.०३४ मिलिग्रॅम असेल. अर्धे पाणी बदलले, एकूण अमोनिया निम्म्यावर आला. पण ताज्या पाण्यामुळे व वायुवीजनामुळे सामू ८.२ वर गेला, तर मुक्त अमोनिया पुन्हा जवळजवळ तेवढाच भरतो. निम्मे पाणी खर्ची पडले आणि माशाच्या कल्ल्यांना काहीच लाभ झाला नाही! अशा वेळी नवे पाणी टाकीच्या सामूशी शक्य तितके जुळते ठेवून, एकाच दिवशी दोनदा बदलणे श्रेयस्कर. अन्न देणे बंद अथवा अत्यल्प करावे. निरोगी प्रौढ मासे काही दिवसांचा उपवास सहज सोसतात. दुसऱ्या एखाद्या निरोगी टाकीतील जुना स्पंज वा खडकाचा तुकडा आणून घालणे, हा यावरील खरा इलाज होय.

पाण्याची दुधट छटा ही मुख्यतः सेंद्रिय द्रव्यावर झपाट्याने वाढणाऱ्या जीवाणूंची असते. ते स्वतः विषारी नसतात, पण प्राणवायू खातात. आणि समुद्रजलात मुळातच प्राणवायूची विद्राव्यता कमी. २५ अंशांवर गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर समुद्रजलात सुमारे ६.८ मिलिग्रॅम एवढाच तो मावतो. त्यात एक ग्रॅम अमोनियारूप नायट्रोजनाचे नायट्रेटपर्यंत ऑक्सिडीकरण होण्यास जवळजवळ साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. तेव्हा पाणी गढूळ दिसताच औषधे न ओतता पृष्ठभाग जोराने हलता ठेवावा, विशेषतः रात्री.

अमोनिया ओसरू लागल्यावर नायट्राइट चढते, आणि गोड्या पाण्याचा अनुभव असलेला अभ्यासक त्या आकड्याने घाबरून जातो. समुद्रजलात ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. नायट्राइट माशाच्या शरीरात शिरते ते कल्ल्यांतील क्लोराइड आत घेणाऱ्या मार्गाने. समुद्रजलात क्लोराइड दर किलोग्रॅमला सुमारे १९ ग्रॅम असल्याने नायट्राइटला तेथे फारसा वाव मिळत नाही. नायट्राइट दिसणे हे वस्ती पुन्हा उभी राहत असल्याचेच चिन्ह समजावे. त्यानंतर काचेवर व वाळूवर धरणारा तपकिरी लेप हा सहसा डायाटमांचा असतो. तो काही आठवड्यांत आपोआप मागे हटतो, त्यासाठी वाळू पुनःपुन्हा ढवळण्याचा मोह आवरावा.

प्रवाळांच्या तक्रारी सावकाश पुढे येतात. लवणतेतील फरक, नव्या जागी बदललेला प्रवाह आणि विशेषतः प्रकाश ही त्यांची प्रमुख कारणे. हलविल्यानंतर दिव्यांची तीव्रता कमी करून ती दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत करावी. नवी टाकी खिडकीजवळ आली असेल तर दुपारचे तापमान स्वतंत्रपणे नोंदवावे. हवेत उघडे पडलेले स्पंज बहुधा जगत नाहीत. खडकावरचे असे मेलेले भाग वेळीच खरवडून न काढल्यास, सर्व काही स्थिरावल्यावर अमोनियाचा दुसरा उद्रेक होतो आणि त्याचे कारण कोणाच्या ध्यानी येत नाही.

प्रयोग केव्हा सुरू करावेत, याविषयी घाई दिसते. पाणी निवळले म्हणजे टाकी पूर्ववत झाली, असे नव्हे. नेहमीइतके अन्न दिल्यावर चोवीस तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही आढळू नयेत आणि ही स्थिती किमान दोन आठवडे टिकावी. तोवर त्या टाकीतील प्राण्यांच्या श्वसनाचे वा वाढीचे आकडे स्थलांतरापूर्वीच्या आकड्यांशेजारी मांडणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. याच काळात माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले, तर क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीचा संशय घ्यावा. तो स्थलांतराने निर्माण होत नाही, पण ताणाने दुर्बल झालेल्या माशांत बळावतो. त्याची कोशस्थ अवस्था तळाशी कित्येक दिवस, कधी तीन-चार आठवडेही, राहू शकते. त्यावरील ताम्रयुक्त औषध प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक असल्याने मासे वेगळ्या, वाळू व खडक नसलेल्या टाकीत काढूनच उपचार करावे लागतात.