कॉर्न स्नेकची देखभाल

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी, उंदीरखाऊ साप. स्वभावाने शांत असल्यामुळे घरी पाळायला तिथे त्याला मोठी पसंती मिळते. तो ३ ते ५ फूट वाढतो आणि नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो. चार दिवसांच्या हौसेसाठी आणण्याचा हा प्राणी नव्हे. जॉर्जिया राज्यात तो स्थानिक वन्यजीव असल्याने पाळण्यास मनाई आहे. भारतातल्या धामणीलाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तिला घरात ठेवणे गुन्हा ठरतो.

पाळणाऱ्याचे खरे काम म्हणजे ऊब सांभाळणे. पेटीच्या एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या टोकाला २२ ते २४ अंश तापमान ठेवतात. साप गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. लपायची जागा दोन्हीकडे हवी. एकीकडेच असेल तर भित्रा साप तिथून हलत नाही आणि गारठ्यात अन्न पचत नाही. तापणाऱ्या चटईला थर्मोस्टॅट नसेल तर सापाचे पोट भाजते. झाकणाला कडी लागतेच, कारण डोके मावेल त्या फटीतून अख्खा साप निसटतो.

गोठवलेला मेलेला उंदीर पूर्ण विरघळवून, कोमट करून लांब चिमट्याने देतात. जिवंत उंदीर सापालाच चावतो. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा असावा. पिल्लांना ५ ते ७ दिवसांनी, मोठ्यांना १० ते १४ दिवसांनी खाणे पुरते. खाल्ल्यानंतर दोन दिवसांच्या आत सापाला हाताळले तर तो गिळलेले ओकून टाकू शकतो.

देखभालीतली कसर कात टाकताना उघडी पडते. आधी रंग मळतो, डोळ्यांवर निळसर साय येते. या काळात दिसत कमी असल्याने साप बिथरतो. त्याला एकटे सोडणेच बरे. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात. मग तो खडबडीत दगडावर तोंड घासतो, ओठाजवळची कात सुटते आणि पायातून मोजा काढावा तशी ती उलटी होत मागे राहते. हवा दमट असली तर कात अखंड निघते. ती उलगडून डोळ्यांवरच्या चकत्या आणि शेपटीचे टोक निघाले का, ते पाहावे. शेपटीवर राहिलेले कडे आवळून रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी ओल्या शेवाळाचा डबा आत ठेवतात. डोळ्यावरची चकती नखाने काढू नये, डोळ्याला इजा होते. ती सुटतच नसेल तर पशुवैद्य गाठावा. कात निघाली की साप पुन्हा खायला लागतो.